वाड्यावरचा नवा मजला



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी पैनगंगेच्या अलीकडे मराठी शाळा टिकविण्याचे काम आयुष्यभर केले. त्यांच्या नावाने बोलायला मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आज घराविषयी बोलणार आहे. नेमके सांगायचे तर, जुन्या वाड्यावर नवा मजला चढवावा की नाही, या प्रश्नाविषयी.

विषय अभियंत्यांचा आहे, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांचा आदिलाबादच्या, निर्मलच्या, भैंशाच्या किंवा मुधोळच्या जुन्या वस्तीत एखाद्या वाड्यात वाटा आहे. पाचवा, आठवा, कोणाचा बारावा. भाऊ वाढले, त्यांची मुले वाढली, जागा तेवढीच राहिली. त्यामुळे दर दिवाळीला घरोघर एकच चर्चा निघते : वाडा पाडून सिमेंटची इमारत बांधायची, की आहे त्यावरच दोन खोल्या चढवायच्या? या चर्चेत नाती तुटतात, कोर्टाच्या पायऱ्या झिजतात आणि दरम्यान वाडा आपणहून पडू लागतो. म्हणून हा प्रश्न केवळ चुन्याविटांचा नाही.

आरंभ शब्दांपासून करतो, कारण तेवढाच माझा अधिकार आहे. 'मजला' हा शब्द आपल्याकडे अरबी 'मंझिल'वरून फारसीच्या वाटेने आला. मंझिल म्हणजे प्रवासात उतरण्याचे ठिकाण, मुक्काम. आपण 'मजल दरमजल करीत' म्हणतो, त्यातला 'मजल' आणि घराचा 'मजला' हे एकाच घरचे शब्द आहेत. 'माडी' हा शब्द मात्र दक्षिणेचा सोयरा दिसतो. आपले तेलुगू शेजारी वरच्या मजल्याच्या घराला 'मेड' म्हणतात, कानडीत 'महडी' आहे, तमिळमध्ये 'माडि' आहे. उत्तरेचा मजला आणि दक्षिणेची माडी ज्या भाषेत शेजारी नांदतात, ती भाषा बोलणारे आपण सीमेवरचे लोक आहोत. तिसरा शब्द 'खण'. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. जुन्या माणसाला घर केवढे असे विचारले, तर तो चौरस फूट सांगत नसे. 'पाच खणांचे' किंवा 'नऊ खणांचे' म्हणे. म्हणजे घराचे मोजमाप घर उभे कशावर आहे, यावरून होत असे. हा शब्द विसरलो आणि चौरस फूट तेवढे उरले. मला वाटते, आजच्या बऱ्याच चुकांचे मूळ इथे आहे.

आपला भूभाग कसा बनला, हेही थोडक्यात सांगायला हवे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके, तसेच बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात आली. पुढे २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि मुधोळ-भैंसा निर्मल जिल्ह्यात गेले. कागदावरच्या रेषा अशा हलल्या, घरे मात्र जागची हलली नाहीत. मराठवाड्याचे माळवद आणि वऱ्हाडाकडची कौले, दोन्ही छपरे आपल्या माणसांच्या ओळखीची आहेत. आणि सागासाठी तर हा जिल्हा पूर्वापार प्रसिद्ध. वाड्याचा विचार करताना पुण्याकडे पाहावे लागते, मुंबईकडेही पाहावे लागते. पण शेवटी परत इथेच यायचे आहे.

वाडा उभा कसा राहतो, हे आधी पाहू. खाली घडीव दगडाचे जोते. त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. हा कडीपाट म्हणजे खालच्या माणसाचे छत आणि वरच्या माणसाची जमीन. पाटांवर मातीचा थर. भोवतीची भिंत खाली दगडाची आणि जाड, वर जाताना विटांची आणि पातळ. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. संपूर्ण दगडी वास्तू बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून वरचे बांधकाम विटांचे झाले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका असो वा इतिहास, बांधकामाच्या दृष्टीने त्यात शहाणपण होते : जसजसे वर जावे, तसतसे हलके व्हावे. १८२८ च्या आगीत तो वाडा जळाला. लाकडाचा वरचा पसारा नाहीसा झाला. दगडी जोती आणि तट राहिले. कोणता भाग किती काळासाठी असतो, ते त्या अवशेषांवरून आजही वाचता येते.

म्हणजे वाड्यावर मजला चढविणे ही कल्पना परकी नाही. वाडा हा एका दमात पुरा होणारा प्रकार नव्हताच. आधी सोपा आणि माजघर, मग चौकाच्या दुसऱ्या बाजूचे खण, मुलाचे लग्न ठरले की माडी, असा तो पिढ्यापिढ्यांनी वाढे. जे नव्या मजल्याला 'परंपरेचा भंग' म्हणतात, त्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की वाढणे हीच वाड्याची परंपरा आहे. परंतु त्या वाढीला एक हिशेब होता. तो सुताराला आणि गवंड्याला पाठ होता, आपल्याला नाही.

तो हिशेब विसरल्यावर काय होते, याचा एक दाखला माझ्या पाहण्यातला आहे. जिल्ह्यातल्या एका गावी तीन भावांनी बाजारपेठेतल्या वाड्याच्या मागच्या सोप्यावर दोन खोल्या घातल्या. जुन्या माळवदाची माती तशीच ठेवली, तिच्यावर सिमेंटचा स्लॅब ओतला, स्लॅबवर विटांच्या भिंती, आणि सर्वांत वर हजार लिटर पाण्याची टाकी. खाली खांब तेच, आजोबांच्या काळचे. पहिल्या पावसाळ्यात काही झाले नाही. दुसऱ्यात कोनाड्यावरून तिरपी भेग गेली. तिसऱ्या वर्षी मधली तुळई इतकी वाकली, की दाराची कवाडे मिटेनात. सुदैवाने माणसे वेळीच बाहेर पडली. मग नवे बांधकाम तर पाडावेच लागले, त्याच्याबरोबर जुनाही सोपा गेला. दोन खोल्या मिळवायला गेले आणि सहा खण गमावून बसले.

श्रोतेहो, इथे आकडा समजून घ्या. तो शाळेच्या गणितापलीकडचा नाही. माळवदावरची माती एक फूट जाड असेल, तर दर चौरस मीटरला तिचे वजन सुमारे पाचशे किलो भरते. पुष्कळ माळवदांवर दरवर्षी नवा थर पडत गेल्यामुळे ती दोन फुटांपर्यंत चढलेली असते. म्हणजे हजार किलो. पाच इंची सिमेंटचा स्लॅब सुमारे तीनशे किलोंचा. हजार लिटरची टाकी भरली, की पाण्याचेच एक टन. उलट लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावरचा फळ्यांचा मजला, पातळ आडभिंती आणि वर पत्र्याचे किंवा कौलांचे हलके छप्पर, हे सारे मिळून काटकसरीने केल्यास स्लॅबच्या निम्म्या-पाऊण वजनात बसते. राहत्या खोलीत माणसे आणि सामान यांच्यासाठी अभियंते चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो धरतात. आता बेरीज-वजाबाकी करा. छपरावरची दोन फूट माती उतरविली आणि तिच्या जागी हलका मजला आणला, तर तेच खांब पूर्वीपेक्षा कमी ओझे वाहतील. माती न उतरवता स्लॅब ओतला, तर ते दीडपट ओझ्याखाली येतील.

आज मला जे सांगायचे आहे, ते या वजाबाकीत आहे : आधी माती उतरवा, मग माणसे चढवा.

हे केवळ कागदी गणित नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुसंख्य झोपेत, स्वतःच्याच घराखाली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड छप्पर. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेले नव्हते. धक्का बसताच ते सुटे होऊन कोसळले. अनेक ठिकाणी लाकडी खण उभे राहिले आणि भोवतीच्या भिंती मात्र ढासळल्या. त्यानंतर तज्ज्ञांनी जे उपाय सांगितले, त्यांत छपरावरची माती कमी करणे आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसविणे हे मुख्य होते. आपला जिल्हा किल्लारी नव्हे. पण किल्लारीची माणसेही १९९३ पूर्वी हेच म्हणत होती, की आपल्याकडे भूकंप होत नसतो.

भाराइतकाच दुसरा प्रश्न उजेडाचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या, काळोख्या खोल्यांमधून तो पसरला, म्हणून १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाच्या कारभारातून एक साधा नियम पुढे आला : समोर जेवढी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून भिंत उंच नसावी. कोनाच्या भाषेत साडेत्रेसष्ट अंश. हा नियम आपल्या वाड्याच्या चौकाला लावून पाहा. चौक पंधरा फूट रुंद आणि भोवतीचा दुमजली वाडा वीस-बावीस फूट उंच असेल, तर तळमजल्याच्या माजघरात पुरेसा उजेड येतो. त्यावर दहा-अकरा फुटांचा तिसरा मजला थेट चौकाच्या कडेला उभा केला, की उंची तीस फुटांच्या पलीकडे गेली आणि उजेडाची मर्यादा ओलांडली. मग खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या काकूंना दिवसाही दिवा लावावा लागतो. तोच मजला चौकापासून एक खण मागे सरकवून बांधला, तर उजेड बराचसा शाबूत राहतो, रस्त्यावरून वाड्याचे रूपही बदलत नाही, आणि पुढे गच्चीची पट्टी मिळते ती वेगळीच. एक खणाची माघार घ्यायची एवढाच प्रश्न असतो. पण वाटणीच्या भांडणात एक हातही कोणी मागे सरत नाही.

परदेशातही हा विचार झाला आहे. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नियम असा होता, की घराची उंची दर्शनी भिंतीच्या माथ्यापर्यंत मोजावी. तेव्हा लोकांनी वरच्या उतरत्या छपराच्या पोटातच आणखी खोल्या बसविल्या. हे दुहेरी उताराचे छप्पर सतराव्या शतकातील वास्तुकार फ्रांस्वा मांसार यांच्या नावाने ओळखले जाते. पॅरिसची जी छपरे आपण चित्रात पाहतो, ती अशी माणसांनी भरलेली आहेत. इंग्लंडने २०२३ च्या आपल्या नियोजन धोरणात जुन्या घरांवर अशाच प्रकारच्या वाढीचा नावानिशी उल्लेख करून तिला अनुकूलता दाखविली. उलट बार्सिलोनात १८५९ च्या आराखड्यानुसार वसलेल्या मोकळ्या वस्तीत पुढच्या काळात घरांवर मजल्यांवर मजले चढले आणि मूळ आराखड्यातला उजेड-वारा आक्रसला. दोन्ही उदाहरणांत मजलेच वाढले. एकीकडे ते छपराच्या मर्यादेत राहिले, दुसरीकडे मर्यादाच सरकत गेली.

आपल्या जवळचे आणि अधिक बोधप्रद उदाहरण मुंबईचे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखून धरली. महागाईने गांजलेल्या बिऱ्हाडकरूंना त्या वेळी तो मोठा दिलासा होता. परंतु वर्षे लोटली, भाडे तेच राहिले, आणि मालकाने डागडुजी थांबविली. पावसाळ्यात घरे कोसळू लागली. शेवटी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला. त्याच्या कक्षेत १९,६४२ इमारती आल्या; त्यांपैकी १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. पुढे १९९१ च्या नियमावलीने अशा इमारती पाडून नव्याने बांधणाऱ्याला वाढीव चटई क्षेत्र देऊ केले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की पाडण्याला बक्षीस मिळाले, सांभाळण्याला मिळाले नाही. ज्याने वाड्याची किंवा चाळीची नीट निगा राखली, त्याच्या हाती काय आले? ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातील एक शतकापूर्वीची इमारत कोसळून तेहेतीस माणसे गेली. दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांच्यामध्ये अडकून राहिलेल्या घरांची ही किंमत आहे.

त्याच मुंबईने १९९५ मध्ये वारसावास्तूंसाठी नियम केले, तेव्हा एक चांगली तोडही काढली : जुनी वास्तू जपल्यामुळे ज्या मालकाला तिच्यावर बांधता येत नाही, त्याला तो बांधकामाचा हक्क अन्यत्र वापरता यावा किंवा विकता यावा. लहान शहरांत अशा हक्काला गिऱ्हाईक मिळणे कठीण, हे मी जाणतो. तरी त्यामागचे तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे. समाजाला वाडा हवा असेल, तर त्याचा सगळा खर्च एका वारसाच्या माथी मारता येणार नाही.

आपल्या तेलंगणाने २०२० मध्ये बांधकाम परवान्यांसाठी स्वयंप्रमाणनाचा कायदा केला. त्यात पंचाहत्तर चौरस यार्डांपर्यंतच्या जागेवर तळमजला आणि वर एक मजला, सात मीटर उंचीपर्यंत, बांधायला परवान्याची गरज ठेवली नाही; एक रुपया भरून नोंदणी पुरेशी ठरविली. मोठ्या भूखंडांनाही ठरावीक मर्यादेपर्यंत मालकाच्या स्वतःच्या घोषणेवर मंजुरी देण्याची व्यवस्था झाली. कचेरीत खेटे घालून थकलेल्या सामान्य माणसाला हा दिलासाच होता. परंतु एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. परवाना देणारा दूर झाला, म्हणजे जबाबदारी दूर झाली असे नाही; ती आपल्या सहीखाली आली. कायदा उंची मोजतो. तुमच्या तळखड्याखाली ओल किती आहे, खांबाच्या बुडाशी वाळवी लागली आहे का, हे कायद्याला दिसत नाही. ते घरातल्या माणसानेच पाहायचे असते.

मग काय करावे? माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. पहिले, मजल्याचा नकाशा काढण्यापूर्वी वाड्याची तपासणी करावी : प्रत्येक खांबाचे बूड, प्रत्येक तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते ती जागा, प्रत्येक भेग आणि तिची दिशा. भेगेवर चुन्याचा पातळ पट्टा ओढून तारीख लिहावी. वर्षभरात तो तडकला, तर भेग जिवंत आहे असे समजावे आणि वर एक वीटही ठेवू नये. दुसरे, छपराचा भार आधी उतरवावा. तिसरे, नवा मजला हलका असावा, आणि शक्य तिथे त्याचे खांब जुन्या भिंतीवर न टेकवता स्वतंत्रपणे जमिनीपर्यंत न्यावेत, म्हणजे जुने घर जुन्या पायावर आणि नवे नव्या पायावर उभे राहील. चौथे, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर जुन्या लाकडावर ठेवू नये. ओल ही सागाचीही वैरीण आहे. पाचवे, चौक झाकू नये. आणि सहावे, जे सर्वांत अवघड आहे : आधी लेखी वाटणी, मग बांधकाम. नवा मजला कोणाचा, खाली जे बिऱ्हाड पन्नास वर्षे राहते आहे त्याचे काय, जिन्याची वाट कोणाच्या खणातून जाणार, हे ठरल्याशिवाय कुदळ उचलू नये.

या सहाव्या अटीपाशी मी पुन्हा माझ्या विषयाकडे येतो. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे १९८५ चे नाटक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा तो वाडा. घरातला कर्ता पुरुष गेला आहे, तेराव्याच्या खर्चासाठी पैसा नाही, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे, आणि सगळे एकमेकांपासून काही ना काही राखून बोलतात. तो वाडा चिऱ्यांच्या दोषाने खचत नाही. माणसे एकत्र बसून निर्णय घेऊ शकत नाहीत, म्हणून तो खचतो. आपल्या अनेक वाड्यांची कथा हीच आहे. पाच वारसांपैकी एक हैदराबादला, एक पुण्याला, एक परदेशात. कोणी विकत नाही, कोणी दुरुस्तही करीत नाही. अशा घरात मजला चढविण्याचा प्रस्ताव कधी कधी वरदान ठरू शकतो, कारण त्या निमित्ताने सर्वांना एका बैठकीला यावे लागते. जो मुलगा गावात राहून दुकान किंवा शेती पाहतो, त्याच्या संसाराला त्यातून दोन खोल्या मिळाल्या, तर वाड्यात दिवा लागता राहील. रिकामा वाडा कितीही जपला, तरी तो पडतो. त्यात माणूस राहिला, तरच त्याच्या कौलांची घडी दर मृगापूर्वी बसविली जाते.

म्हणून मी 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही आणि 'पाडून टाका' म्हणणाऱ्यांच्याही नाही. घराची गरज खरी आहे, वाड्याचे मोलही खरे आहे. या दोहोंची सांगड घालायची, तर हिशेब चोख हवा आणि लोभ आवरता हवा.

शेवटी या शाळेला आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यात अभियंते आहेत, गवंडीकाम आणि सुतारकाम करणारे आहेत, वकील आहेत. नववी-दहावीची मुले मोजपट्टी आणि वही घेऊन गेली, तर एका सुटीत जुन्या वस्तीतल्या वाड्यांची नोंद होऊ शकेल : खण किती, भिंत कोणत्या मजल्यावर किती रुंद, माळवदावर माती किती, चौक केवढा, उजेड कुठपर्यंत पोहोचतो. मुलांनी घरातल्या आजी-आजोबांकडून वाड्याच्या भागांची नावेही उतरवून घ्यावीत, मराठी आणि तेलुगू दोन्ही. माजी विद्यार्थी-अभियंत्यांनी ती नोंद तपासून प्रत्येक घराला एक प्रत द्यावी. मजला चढवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ठरविताना त्याच्या हाती आपल्या घराचा खरा आकडा असावा. गुरुजींच्या नावाने एवढे काम झाले, तर दरवर्षीच्या व्याख्यानापेक्षा ते अधिक टिकाऊ स्मारक होईल, असे मला नम्रपणे वाटते.